आधी अन्न, मग अंडी!

मेसच्या जेवणावर आपल्या वसतिगृहात प्रत्येकाकडे मत असते, आणि ते ऐकवायला वेळही असतो. आज मीही जेवणावरच लिहिणार आहे, पण आपल्या नव्हे. ज्यांचे अख्खे शरीर दोन-चार मिलिमीटर भरते आणि ज्यांचे तोंड नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही, अशा माशांच्या पिल्लांच्या जेवणावर. विषय वाचून हसू आले असेल तर हसून घ्या. गेल्या वर्षीपर्यंत मीही हसलोच असतो.

झाले असे. आपल्या रीडिंग रूमच्या कोपऱ्यातली काचेची टाकी सगळ्यांना माहीत आहेच. परवानगी देताना रेक्टर सरांनी एकच अट घातली होती, "रूममध्ये नको, आणि वास आला तर टाकी बाहेर!" गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघांनी वर्गणी काढून ड्वार्फ गोरामीची एक जोडी आणली. हा मासा मूळचा आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. निळ्या-नारिंगी पट्ट्यांचा नर दिसायला झकास, आणि कामाला एकदम सिव्हिल इंजिनिअर. पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडाने बुडबुडे सोडतो, त्यात वनस्पतींचे तुकडे गुंफतो आणि चक्क घरटे बांधतो. पंधरा दिवसांत घरटे झाले, अंडी झाली. मिड-सेमचा आठवडा असूनही रात्री अकराला टॉर्च घेऊन टाकीपुढे गर्दी व्हायची. दीड दिवसात अंडी फुटली. पिल्ले मोजणार कोण, पण तीनशेच्या खाली नक्कीच नव्हती. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते!

आणखी तीन दिवसांनी पिल्ले घरटे सोडून आडवी पोहू लागली. आम्ही पुस्तकी नियमाप्रमाणे नराला बाजूला काढले आणि दुकानातून आणलेले खाद्य बोटांनी चुरून टाकले. दोन दिवसांत निम्मी पिल्ले दिसेनात. चौथ्या दिवशी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी उरली.

मग आपल्याकडे होते तसे चर्चासत्र झाले. कोणी म्हणाले पाण्यात क्लोरीन होते. कोणी म्हणाले रात्री लाइट गेली, पंप बंद पडला. माझा रूम पार्टनर म्हणाला, "एवढी जण बघायला येत होती, नजर लागली." मेसच्या मावशींनाही हेच पटले. मी उरलेली चार पिल्ले एका बाटलीत घेतली आणि सिव्हिलच्या पर्यावरण प्रयोगशाळेत गेलो, कारण सूक्ष्मदर्शक तिथे आहे हे मला माहीत होते. तिथल्या लॅब असिस्टंट काकांनी एक मेलेले पिल्लू काचपट्टीवर ठेवले. या वयात पिल्लाचे शरीर पारदर्शक असते, पोटात काय आहे ते आरपार दिसते. पोटात काहीच नव्हते. शेजारी त्यांनी आमच्या चुरलेल्या खाद्याचा एक कण ठेवला. तो कण पिल्लाच्या डोक्याएवढा होता.

काका एवढेच म्हणाले, "हे आजारानं नाही मेलं रे. उपाशी मेलं."

तीनशे जीव, आणि टाकीत खाद्य तरंगत होते! त्या दिवसापासून माझे एक मत झाले आहे आणि ते मी या लेखात ठणकावून मांडणार आहे. ज्याच्याकडे पिल्लांचे पहिले अन्न जिवंत आणि तयार नाही, त्याने माशांची जोडी लावूच नये.

याचे कारण समजायला फार जीवशास्त्र लागत नाही. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी असते. ही त्याची आईने बांधून दिलेली शिदोरी. शिदोरी असेपर्यंत ते खात नाही, त्याला खायला लागतही नाही. ती संपते त्या सुमारास ते पोहू लागते आणि त्याच दिवसापासून त्याला स्वतःचे पोट स्वतः भरायचे असते. त्यासाठी मिळणारी मुदत फार थोडी. काही काळ उपाशी राहिले की एक वेळ अशी येते की नंतर अन्न समोर आले तरी पकडण्याची आणि पचवण्याची ताकद उरत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर इथे एटीकेटी नाही. थेट इयर डाऊन!

आता मापाचा हिशेब बघा. वर्कशॉपमधल्या स्क्रू गेजचा लीस्ट काउंट 0.01 मिलिमीटर, म्हणजे 10 मायक्रॉन. गोरामीच्या नवजात पिल्लाला पहिले काही दिवस साधारण शे-दीडशे मायक्रॉन जाडीपर्यंतचे भक्ष्य झेपते. आपण चुरा म्हणून टाकतो ते कण बहुधा याच्या कितीतरी पट मोठे. न कापलेला फणस ताटात वाढून "जेव बाबा" म्हणण्यातलाच प्रकार! शिवाय पिल्लू हलणाऱ्या वस्तूवर झडप घालते. निपचित पडलेला कण त्याला अन्न वाटेलच असे नाही. म्हणजे पहिले अन्न बारीक हवे, हलते हवे, आणि पिल्लू जिथे पोहते त्या थरात हवे. या तीनपैकी एक जरी चुकले तरी ताट भरलेले आणि पोट रिकामे.

हे काही माझे संशोधन नाही. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी 1914 साली हाच विचार समुद्राच्या बाबतीत मांडला होता. कॉड आणि हेरिंग एखाद्या वर्षी भरपूर आणि एखाद्या वर्षी अगदी कमी का मिळतात? त्यांचा तर्क असा, की बलक संपण्याच्या वेळी पाण्यात योग्य अन्न होते की नव्हते, यावर त्या वर्षीच्या पिढीचे भवितव्य ठरते. पुढच्या काळात इतर कारणेही पुढे आली, पण "पहिला घास" हा प्रश्न मत्स्यशास्त्रातून आजवर गेलेला नाही.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ वाढवणाऱ्या शेतकऱ्याला हे पाठ असते. नुकत्या पोहू लागलेल्या पिल्लांना आपल्याकडे मत्स्यजिरे म्हणतात, पुढे वाढली की बोटुकली. किती नेमके शब्द आहेत बघा! हे जिरे संगोपन तळ्यात सोडण्याच्या आधी तळ्यात शेण आणि भुईमुगाची पेंड घालून पाणी पिकवतात. त्यातून सूक्ष्म जीव वाढतात, पाण्याला रंग येतो, आणि मगच जिरे सोडतात. म्हणजे शेतकरी आधी पाणी तयार करतो, मग पिल्ले आणतो. आम्ही इंजिनिअरिंगवाल्यांनी नेमके उलटे केले. टाकी मीठ लावून घासली, तळाची वाळू काढली, वनस्पती धुतल्या, पाणी काचेसारखे केले. मी मेकॅनिकलचा, चकचकीत पृष्ठभाग दिसला की मला समाधान वाटते. पण पिल्लासाठी ती चकचकीत टाकी म्हणजे रिकामे ताट होते.

यावर तीन आक्षेप मी हमखास ऐकतो.

पहिला आक्षेप, "माझ्या गप्पींना तर काहीच लागलं नाही!" बरोबर आहे, लागणारच नाही. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांत आणि विहिरींत सोडतात तो गप्पी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतो. त्याचे पिल्लू पहिल्याच दिवशी सहा-सात मिलिमीटरचे असते, बारीक चुरा सहज खाते. गप्पीवर हात बसला म्हणून गोरामी जमेल असे समजणे म्हणजे लूना चालवता येते म्हणून एसटी चालवायला बसण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप, "उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून टाका, काम होतं." होते कधीकधी. बलकाचे कण पुरेसे बारीक असतात आणि अडचणीला अनेकांनी ते वापरले आहेत. पण ते हलत नाहीत, तळाशी बसतात आणि कुजतात. अमोनिया वाढतो, जिवाणू प्राणवायू खातात, आणि भुकेने वाचलेली पिल्ले पाण्याने मरतात. दुकानातल्या पावडरीचेही तेच. जोडीला चालेल, पण एकट्या पावडरीवर गोरामीची पिल्ले वाढवण्याचा जुगार मी तरी खेळणार नाही.

तिसरा आक्षेप जरा तत्त्वज्ञानाचा. "निसर्गातही बहुतेक मरतातच की, सशक्त असतील ती जगतील." हा मुद्दा मला सर्वात जास्त खटकतो. तळ्यात पिल्ले मरतात ती अन्न शोधताना, शत्रूला चुकवताना. तिथे पाण्याचा थेंब न् थेंब सूक्ष्म जीवांनी भरलेला असतो. आमच्या टाकीत शोधायला काही नव्हतेच. जिथे अन्नच नाही तिथे सशक्त कोण आणि अशक्त कोण? ती निवड निसर्गाने केली नव्हती, आमच्या आळसाने केली होती.

असो. नुसती टीका करून पळून जाणे बरे नव्हे, म्हणून आता करायचे काय ते सांगतो. वसतिगृहात सगळे जमते. चार बरण्या आणि थोडी शिस्त पुरते.

पहिली बरणी इन्फ्युसोरियाची. हे एका प्राण्याचे नाव नाही. पाण्यात वनस्पती भिजवून ठेवल्या की जी सूक्ष्म जीवसृष्टी वाढते तिला मिळून हे नाव पडले. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहुक या कापड व्यापाऱ्याने, मिरी तिखट का लागते हे पाहण्यासाठी ती पाण्यात भिजवली आणि 1676 साली त्या पाण्यातल्या असंख्य जीवांबद्दल लिहून कळवले. आपण मिऱ्यांऐवजी वाळके गवत घ्यायचे. मूठभर गवत दहा मिनिटे उकळा, गार करा, आणि ते पाणी बरणीत ओतून त्यात चालू टाकीतल्या फिल्टरचा स्पंज किंवा शेवाळ पिळा. वर फडके बांधा आणि उन्हापासून बाजूला ठेवा. दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होते, वासही येतो. ते जिवाणू. घाबरू नका, आणि हे पाणी अजून वापरू नका. चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान पाणी निवळते, कारण पॅरामेशियमसारखे जीव ते जिवाणू खाऊन वाढलेले असतात. टॉर्च मारली की पांढरी धूळ हलताना दिसते. हेच पहिले अन्न. लॅबमधले काका म्हणाले, "सांडपाण्याच्या प्लँटमध्ये आम्ही हेच करतो. जिवाणू घाण खातात, हे जिवाणूंना खातात, पाणी स्वच्छ होतं." सिव्हिलवाल्यांनो, तुमच्या सिलॅबसमध्ये माशांचे बाळखाद्य आहे आणि तुम्हाला पत्ता नाही!

दोन सूचना. वरचे निवळलेले पाणीच द्यायचे, गाळ नाही. आणि दर तीन दिवसांनी नवी बरणी लावायची, म्हणजे एक संपली की दुसरी तयार. सुरुवातीला कुठल्याही डबक्याचे पाणी आणू नका. त्यातून चतुराच्या अळ्या आणि हायड्रा येतात, आणि तुमची पिल्ले त्यांचे पहिले अन्न होतात.

दुसरी बरणी व्हिनेगर ईलची. नावात ईल असले तरी हा दोनेक मिलिमीटर लांबीचा, केसाहून बारीक सूत्रकृमी आहे. सफरचंदाचे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे, त्यात सफरचंदाच्या दोन फोडी, आणि एखाद्या मासेवेड्याकडून आणलेले थोडे विरजण. ही बरणी महिनोन्‌महिने चालते. दिवाळीच्या सुट्टीत घरी जा, पीएलमध्ये विसरून जा, ती तक्रार करत नाही. वसतिगृहासाठी यापेक्षा चांगला रूम पार्टनर नाही! काढण्याची युक्तीही छान आहे. लांब मानेच्या बाटलीत हे व्हिनेगर मानेपर्यंत भरा, मानेत कापसाचा बोळा बसवा आणि वर साधे पाणी ओता. काही तासांत कृमी हवेच्या ओढीने कापसातून वरच्या पाण्यात येतात. तेवढे पाणी ड्रॉपरने घ्यायचे. हे कृमी गोड्या पाण्यात काही दिवस जिवंत राहतात आणि वरच्या-मधल्या थरात वळवळतात. गोरामीची पिल्लेही तिथेच असतात.

तिसरी बरणी मायक्रोवर्मची. मेसमधले ओट्स शिजवून घट्टसर लापशी करा, चिमूटभर यीस्ट भुरभुरा, विरजण लावा आणि डब्याच्या झाकणाला भोके पाडून कापड लावा. चार-पाच दिवसांत कृमी डब्याच्या भिंतींवर चढतात, बोटाने पुसून घ्यायचे. पण हे तळाशी जातात, म्हणून थोडे-थोडे द्या. दोन-तीन आठवड्यांनी आंबूस वास वाढला की नवा डबा लावा.

चौथी बरणी आर्टेमियाची, पण ही पहिल्या दिवसाची नाही. आर्टेमियाचे नुकते जन्मलेले पिल्लू साधारण 450 मायक्रॉनचे असते. गोरामीच्या पिल्लांना ते आठ-दहा दिवसांनंतर झेपते. लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ, पाव चमचा अंडी, तळापासून जोरात हवा, 26 ते 28 अंश तापमान आणि उजेड. एक ते दीड दिवसात नारिंगी धूर हलू लागतो. हवा बंद करून एका बाजूने टॉर्च लावली की पिल्ले उजेडाकडे जमतात. नळीने ओढून घ्या, फडक्यातून गाळून गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच द्या, कारण त्यांचाही बलक तासागणिक कमी होत असतो. टरफले मात्र टाकीत जाऊ देऊ नका. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगते, म्हणून दहा मिनिटांत संपेल एवढेच द्या. खाल्ले की नाही हे विचारावे लागत नाही, पोटे नारिंगी दिसतात!

हे सगळे जोडी लावण्याच्या किमान दहा दिवस आधी सुरू करायचे. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स काढण्याची आपली पद्धत इथे चालत नाही, कारण गवताचे पाणी तुमच्यासाठी एका रात्रीत निवळत नाही.

या मार्चमध्ये आम्ही पुन्हा जोडी लावली. या वेळी टाकी घासली नाही, शेवाळाचा गोळा तसाच ठेवला, वर झाकण ठेवले. तरीही चूक केलीच. पहिल्याच रात्री उत्साहाच्या भरात मी बरणीतले अर्धे पाणी गाळासकट ओतले, आणि सकाळी बरीच पिल्ले मेलेली होती. पण उरलेल्यांची पोटे टॉर्चच्या उजेडात भरलेली दिसत होती. महिनाभराने चमच्याने मोजली, बहात्तर निघाली. तीनशेतली बहात्तर म्हणजे फर्स्ट क्लास नव्हे, हे मला मान्य आहे. पण आधीच्या वेळी शून्य होती.

मोजताना एक शिक्षक शेजारी उभे होते. म्हणाले, "आम्हीही फर्स्ट इयरला पहिल्याच तासाला एम-वनचा अख्खा फणस वाढतो, नाही का?" मी हसलो, उत्तर दिले नाही. अजून त्यांची ओरल व्हायची होती!

शेवटी एक मागणी. पुढच्या वर्षी टाकी ज्युनिअर्सच्या हातात जाईल. त्यांच्यासाठी आम्ही टाकीवर एक नियम लिहून चिकटवणार आहोत: दोन बरण्या तयार दिसल्याशिवाय जोडी लावायची नाही, आणि वाढलेली पिल्ले कोण नेणार हे आधी ठरवायचे. उरलेली तळ्यात किंवा विहिरीत सोडायची नाहीत. रेक्टर सरांनी खाली सही केली तर बरे होईल.

आणि बाकी सगळ्यांना, विशेषतः मावशींना, विनंती. रीडिंग रूमच्या खिडकीखाली फडके बांधलेली पिवळट पाण्याची एक बरणी आहे. मागच्या महिन्यात कोणीतरी ती नासलेले पाणी समजून ओतून दिली. वास येतो हे कबूल आहे, नाक मुरडा हवे तर. पण ओतू नका. ते कोणाचे तरी जेवण आहे.